अक्कलदाढेच्या नावाखाली ९६,००० रुपये गेले, नागपूरकरांनो सांभाळा

तुमच्या सोसायटीत मोफत दंततपासणी शिबिर लागणार असेल तर आधी हे वाचा. आमचे ९६,००० रुपये गेले. त्यातले १५,००० रोख दिले आणि ८१,००० कर्जाने, ४,५०० चे १८ हप्ते. क्लिनिकला कुलूप लागलं आहे आणि हप्ता मात्र दर महिन्याला खात्यातून कटतोच आहे.

शिबिर कसं असतं ते सांगायला नको. बॅनर, टेबल, पांढरे कोट, हातात टूथपेस्टची लहान ट्यूब. आम्ही मानेवाड्याकडे राहतो. सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या १९ वर्षांच्या लेकीच्या तोंडात आरसा घातला आणि मिनिटभरात निदान झालं. "काकू, अक्कलदाढा येऊन राहिल्या. त्या मागून ढकलतात, म्हणून समोरचे दात वाकडे होऊन राहिले. आत्ता नाही काढल्या तर सगळी बत्तिशी सरकेल."

तिचे खालचे दोन दात एकमेकांवर चढायला लागले होते, हे खरं होतं. आठवीत तिला तारा लावल्या होत्या, त्यावर तेव्हाच भरपूर पैसा गेला होता, आणि दात पुन्हा वाकडे होताना बघून माझा जीव आधीच खालीवर होत होता. अक्कलदाढ बाकीच्या दातांना ढकलते हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेजारीण सांगते, आत्या सांगते. डॉक्टरनेही तेच सांगितल्यावर कोण शंका घेणार?

दुसऱ्याच दिवशी रिंग रोडवरच्या त्यांच्या क्लिनिकमध्ये बोलावलं. ओपीजीचे, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचे, ६०० रुपये वेगळे घेतले. चार अक्कलदाढा काढणं आणि नंतर अलायनर (दात सरळ करायचे पारदर्शक साचे), असं १,१२,००० चं पॅकेज. "आज बुक केलं तर सोळा हजार कमी होऊन राहिले," असं टॅबलेट घेऊन बसलेला मुलगा म्हणाला. आधार, पॅन, ओटीपी, झालं कर्ज मंजूर. पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत, थेट क्लिनिकला गेले. उपचाराला सुरुवात व्हायच्या आधी पूर्ण रक्कम त्यांच्या हातात. अशा कर्जाच्या कागदावर सही करू नका. जेवढं काम, तेवढे पैसे.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. ओपीजीची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावलेली होती आणि मी अगदी समोर उभी होते. मी लेखा विभागात नोकरी करते, बिलं आणि व्हाउचर तपासण्यात माझा दिवस जातो, मोजायची सवय आहे. वर दोन्हीकडे अक्कलदाढा, खाली डावीकडे एक, थोडी तिरकी. खाली उजवीकडे काहीच नाही. शेवटच्या दाढेमागे नुसता रिकामा जबडा. बिलावर मात्र चार. मी बोट ठेवून विचारलं, "इथे तर दिसत नाही?" डॉक्टर फिल्मकडे न बघताच म्हणाला, "हाडात खोल आहे, म्हणून दिसत नाही." धडधडीत खोटं! हाडात दडलेली दाढ दिसावी म्हणूनच तर तो एक्स-रे काढतात.

आणि एकमेकांवर चढलेले ते दोन दात उजवीकडचेच होते. त्या बाजूला दाढच नाही, तर तिथे ढकललं कोणी? पूर्ण खोटेपणा माझ्या डोळ्यांसमोर, त्या पेटीवर उघडा पडला होता. पण लेक भेदरून खुर्चीत बसली होती, नवरा फोनवर "लवकर ठरव" म्हणत होता, तो मुलगा ओटीपी मागत होता. मी विचारलं होतं, मला खोटं उत्तर मिळालं. यात माझा काय दोष?

तीन दाढा काढल्या, पैसे चारचे घेतले. पोरीचा गाल सुजला, कित्येक दिवस नुसता वरण-भात कालवून खाल्ला. अलायनरचे पहिले दोन संच आले. पुढचे "लॅबमधून येऊन राहिले" म्हणता म्हणता फोन बंद, शटर खाली. दात होते तिथेच आहेत.

शेवटी मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तिला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रिटेनर घालते का?" तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला दिलेला रिटेनर तिने कॉलेज सुरू झाल्यावर सोडला होता. तो सोडला की दात जुन्या जागेकडे सरकतात. शिवाय वयाबरोबर खालच्या पुढच्या दातांत गर्दी वाढते, ज्यांच्या जबड्यात अक्कलदाढा मुळातच तयार होत नाहीत त्यांच्यातही. इंग्लंडमध्ये तारांचा उपचार झालेल्या मुलांपैकी काहींच्या अक्कलदाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या आणि सरासरी पाच वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. गर्दी टाळण्यासाठी दाढा काढणं समर्थनीय नाही, हा निष्कर्ष १९९८ मध्येच छापून आला. २००० साली तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेला सूचना मिळाली की काही आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा उगाच काढू नका. म्हणजे मला विकलेली भीती तेव्हाच शिळी झालेली होती.

अक्कलदाढ काढावी लागतच नाही असं मी म्हणत नाही. भोवतीची हिरडी वारंवार सुजते, पू होतो, दाढ किडते, शेजारची दाढ खराब होते, गाठ होते, तेव्हा काढावीच. माझ्या मुलीला यातलं काहीही नव्हतं. खालच्या दाढेजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिथे नसत्या कारणासाठी हत्यार घालायला लावलं, याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

आणि दाद मागायला जावं तर कुठे? पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. हट्ट धरला तर म्हणे क्लिनिक ज्या हद्दीत आहे तिथे जा. तिथे गेलो तर म्हणे शिबिर तुमच्याकडे झालं ना, मग तिकडेच द्या. साहेब बंदोबस्ताला, साहेब रजेवर. डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्या कार्यालयाने डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणायला सांगितलं. तो पावतीवर नाही म्हणून तर मी तुमच्या दारात आले! तो शोधणं माझं काम की तुमचं? अर्जाची पोच देतानासुद्धा उपकार केल्यासारखे चेहरे. कर्ज देणारी कंपनी म्हणते, उपचाराशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. पैसे थेट क्लिनिकला पाठवताना संबंध होता, आता नाही? सोसायटीच्या सचिवांनीही हात वर केले, हॉलचं भाडं मात्र घेतलं होतं.

पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कर्ज कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी दोन्हीकडे तक्रार केली आहे. रोख दिलेल्या १५,००० ची साध्या कागदावरची चिठ्ठी आहे, तिच्यावर ना शिक्का ना क्रमांक. रोख देऊच नका.

मानेवाडा, अयोध्यानगर, हुडकेश्वर भागात याच लोकांची आणखी शिबिरं झाली होती असं कळतं. तुमच्या घरात कोणी त्यांच्याकडून दाढा काढून घेतल्या असतील तर ओपीजी शोधा, दाढा मोजा आणि बिलाशी ताडून बघा. फिल्म, चिठ्ठी, मेसेज काही टाकून देऊ नका. आणखी कुटुंबं पुढे आली तर पोलिसांना "दिवाणी मामला" म्हणून आम्हाला परत पाठवणं जड जाईल.