बदकाची पिल्ले: बल्बखाली वाढवावीत की कोंबडीखाली?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात परसात कोंबड्या बहुतेक वाड्यावस्त्यांवर असतात. बदके मात्र थोड्याच घरी दिसतात. त्यामुळे पहिल्यांदा बदकाची पिल्ले आणणारा माणूस त्यांना कोंबडीच्या पिल्लांप्रमाणेच वागवू लागतो आणि तिथेच फसतो. त्याच्यापुढे पर्याय दोन असतात: खोक्यात बल्ब लावून पिल्ले स्वतः वाढवायची, नाहीतर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीच्या स्वाधीन करायची. बदकीनेच पिल्ले सांभाळावीत हे सर्वांत सोयीचे वाटेल. परंतु अंड्यांसाठी सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या खाकी कॅम्पबेल जातीची बदकी सहसा खुडूक बसतच नाही.

उबेपुरते पाहिले तर कोंबडी निःसंशय सरस ठरते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते, आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवावी लागते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात रात्रीचा पारा १४-१५ अंशांपर्यंत येतो, तेव्हा हा फरक बल्बाने भरून काढायचा म्हणजे रात्री दोनदा उठणे आलेच. कोंबडीच्या पंखाखाली पिल्लू गार वाटले की आत शिरते, उकडले की बाहेर डोके काढते. थर्मामीटरची गरज भासत नाही. बल्बाखाली हेच काम आपल्या डोळ्यांना करावे लागते: पिल्ले एकमेकांवर चढून ढीग करत असतील तर ऊब कमी आहे, भिंतीला चिकटून धापा टाकत असतील तर जास्त आहे, आणि ऐसपैस पसरून झोपली असतील तर बल्बाची उंची बरोबर आहे. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही; जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब किंवा उष्णतेसाठीचा खास दिवाच हवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी एकच बल्ब टांगलेला होता. पहाटे त्याची तार तुटली आणि सकाळपर्यंत ढिगाच्या तळाची दोन पिल्ले दगावली होती. तेव्हापासून दोन बल्ब दोन वेगळ्या होल्डरना लावतो. वीज जाण्यावर अर्थात हा उपाय नव्हे. त्यासाठी फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवाव्या लागतात. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नये, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणूसही गुदमरतो.

पाण्याच्या बाबतीत कोंबडीचा उपयोग होत नाही, किंबहुना तिचा त्रासच होतो. बदकाचे पिल्लू चोचीत खाद्य भरून पाण्याकडे धावते, तिथे ते ओले करून गिळते, नाकपुड्या धुते आणि उरलेला चिखल तिथेच सोडून परत खाद्याकडे पळते. नाकपुड्या बुडतील इतके खोल पाणी त्याला हवेच, मात्र अंग बुडेल इतके नको. म्हणून पसरट भांड्यात गोटे ठेवून मधल्या फटींत पाणी भरावे. कोंबडी त्याच भांड्याभोवती उकरत राहते आणि पाण्यात माती लोटते. पिल्ले डबक्यात उतरली की ती काठावर कासावीस होऊन ओरडत फिरते, तिचे हाकारे पिल्लांच्या कानीही पडत नाहीत. ओली झालेली पिल्ले तिच्या पंखाखाली परतली तर तीही भिजते. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात डालग्याखालची जमीन मुळातच ओली असते; तिथे जून ते सप्टेंबर या काळात मी कोंबडीचा मार्ग सुचवणार नाही. खोक्यात निदान भाताचे तूस रोज बदलता येते, आणि पाण्याचे भांडे जाळीवर ठेवले तर सांडलेले पाणी खाली निथळते.

खाद्याची काळजी दोन्हीकडे सारखीच घ्यावी लागते, आणि माझ्या मते नवख्यांची सर्वाधिक पिल्ले इथेच बिघडतात. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच जास्त लागते, किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम; ते कमी पडले की पाय वाकतात आणि पिल्लू गुडघ्यावर बसून सरपटू लागते. कोंबडीच्या पिल्लांचे स्टार्टर खाद्य चालते, पण त्यात यीस्टची पूड मिसळावी आणि तिचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. दुसरी गोष्ट बुरशीची. मका आणि शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे सहज मिळते. परंतु दमट हवेत त्यांवर येणाऱ्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष बदकाच्या पिल्लांना फार लवकर बाधते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले, तेव्हा कारण म्हणून बुरशी लागलेली भुईमुगाची पेंडच सापडली, आणि तिने बदकाची पिल्लेही मेली होती. कोंबडीसमोर टाकलेले खाद्य जमिनीवर विखुरते आणि ओले होऊन आंबते; खोक्यात ते भांड्यात राहते व उरलेले टाकून देता येते.

तेव्हा निवड करताना पिल्लांची संख्या आणि ऋतू ही दोनच मापे लावावीत. आठ-दहापर्यंत पिल्ले असतील, कोरडे दिवस असतील आणि घरात शांत स्वभावाची, अंगाने मोठी कोंबडी असेल तर तिच्याकडे सोपवणे सोयीचे. त्याहून अधिक पिल्ले तिच्या पंखाखाली मावत नाहीत आणि कडेची गारठतात. अथणीकडे मार्च-एप्रिलमध्ये दिवसा बल्ब बंदच ठेवता येतो, त्यामुळे तिथे खोक्याचा खर्चही कमी येतो. बदकाची अंडीच कोंबडीखाली ठेवणार असाल तर तिला २१ ऐवजी २८ दिवस बसावे लागते हे लक्षात ठेवून रोज तिला उठवून खायला घालावे.

विकतची पिल्ले कोंबडीखाली सरकवायची असतील तर ती रात्री अंधारात सरकवावीत; दिवसा दाखवली तर बऱ्याच कोंबड्या परकी पिल्ले टोचून हाकलतात. कोंबडी आठवडाभर नेटाने बसली आहे हे पाहून मगच पिल्ले सांगून ठेवावीत, आणि ती यायच्या दिवशी खोके व दोन्ही बल्ब तयार असू द्यावेत, म्हणजे तिने नाकारली तरी पहिली रात्र पिल्लांना उघड्यावर काढावी लागणार नाही.