फोन शोधायचा, लॉक करायचा की विमा घ्यायचा?

फोन हरवणं आणि फोन चोरीला जाणं हे आपण एका दमात बोलतो, पण दोन्हींवरचे उपाय सारखे नाहीत. कशावर वेळ आणि पैसा घालवायचा हे ठरवताना आधी स्वतःला विचारा : आपल्याला विसरण्याची भीती जास्त आहे की हिसकावून नेण्याची?

विसरभोळ्या माणसाला शोधून देणारी सोय पुरेशी आहे, आणि ती फुकट मिळते. आयफोनवर 'फाइंड माय', अँड्रॉइडवर 'फाइंड हब'. सायलेंट असलेला फोनही मोठ्याने वाजवता येतो, पडद्यावर घरच्यांचा नंबर दाखवता येतो. इंटरनेट बंद असलं तरी आजूबाजूचे इतर फोन ब्लूटूथवरून त्याची खूण टिपतात. अँड्रॉइडवाल्यांनी मात्र एक सेटिंग बघून घ्यावं. तिथे हे जाळं मुळात वर्दळीच्या जागांपुरतं चालू असतं. 'सगळीकडे' हा पर्याय निवडला नाही, तर निर्जन रस्त्यावर पडलेला फोन सापडणं कठीण.

चोरासमोर हीच सोय लंगडी पडते. तो आधी फोन बंद करतो किंवा विमान मोडवर टाकतो. आयफोन ११ आणि त्यानंतरचे बहुतेक आयफोन बंद केल्यावरही काही काळ खूण देत राहतात, ही जमेची बाजू. पण नकाशावर ठिपका दिसला म्हणून एकट्याने तिथे जाऊन दार ठोठावू नका. ठिपका इमारत दाखवतो, खोली नाही, आणि आत कोण आहे हे तर मुळीच नाही. तो पोलिसांना दाखवा.

म्हणून चोरीची भीती असेल तर माझा कौल लॉकला. आयफोनमध्ये २०१३ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून अशी व्यवस्था आहे की फोन पूर्ण पुसला तरी जुन्या मालकाचं खातं मागितलं जातं. म्हणूनच चोरीनंतर 'तुमचा फोन सापडला, इथे लॉगिन करा' असे मेसेज येतात. आशेवर असलेला माणूस घाईने पासवर्ड देऊन बसतो. कृपा करून देऊ नका.

खरा धोका त्याहून साधा आहे. गर्दीत कुणीतरी तुमचा पिन बघतो आणि मग फोन हिसकावतो. पिन हातात आला की खात्याचा पासवर्डही बदलता येतो. यावर ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये चोरीपासून संरक्षणाची सोय आणली. नेहमीच्या जागेपासून दूर असताना पासवर्ड बदलायचा तर चेहरा किंवा बोट लागतं, वर एक तास थांबावं लागतं. अँड्रॉइड १० आणि पुढच्या बऱ्याच फोनमध्ये झटका मारून पळाल्याचं ओळखून पडदा आपोआप लॉक होतो. अँड्रॉइड फोन कुठल्याही ब्राउझरमधून फक्त फोन नंबर टाकून लॉक करण्याचीही सोय आहे, पण ती आधीच चालू करून ठेवायला हवी. पिन चार आकडी असेल तर सहा आकडी करा : दहा हजार शक्यतांच्या थेट दहा लाख होतात.

सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे सिमचा पिन. फोन कितीही घट्ट लॉक करा, चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. सिमला पिन असेल तर तीन चुकांनंतर ते अडतं आणि आठ आकडी पीयूके (अडलेलं सिम उघडणारा, कंपनीकडचा कोड) मागतं. पिन लावण्याआधी मूळ पिन कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. ई-सिम काढून घेता येत नाही, हा त्याचा मोठाच फायदा.

आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक करणं जरूर करावं, पण त्यातून फोन परत मिळेलच असं नाही. वायफायवर तो चालतोच, सुटे भाग करूनही विकला जातो. *#०६# डायल करून दिसणारा हा १५ आकडी नंबर आजच कागदावर लिहून ठेवा. तक्रारीत तो विचारतात.

विमा फोन वाचवत नाही, फक्त पैसे भरून देतो, तेही सगळे नाहीत. बऱ्याच पॉलिसींमध्ये चोरी धरतात, नुसतं हरवणं धरत नाहीत, आणि काही रक्कम आपल्यालाच भरावी लागते. महागडा, हप्त्यांवर घेतलेला फोन असेल तर अटी वाचून घ्यावा. दोन वर्षं वापरलेल्या साध्या फोनसाठी मी घेणार नाही, ते पैसे नव्या फोनसाठी बाजूला टाकीन. फोनला मनगटात अडकवायची दोरी मात्र स्वस्त आहे, आणि गर्दीत खरंच उपयोगी पडते.

आणखी एक अडचण ऐनवेळी लक्षात येते. दुसऱ्याच्या फोनवरून गूगल खात्यात शिरताना कोड मागितला जातो आणि तो हरवलेल्या फोनवरच येतो. गूगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं. ते छापून घरात ठेवा.

फोन गेलाच तर आधी लॉक, लगेच सिम बंद, मग बँक, मग तक्रार. पुसण्याची घाई नको, कारण पुसलेला अँड्रॉइड फोन नकाशावर पुन्हा दिसत नाही. आणि पुसलात तरी तो खात्याच्या यादीतून काढू नका. आयफोन यादीतून काढला की त्याचं लॉक उघडतं आणि तो चोराला विकायला मोकळा होतो.