आर.ई.एम.चे सुरुवातीचे सहा रेकॉर्ड : आठ महिने रोज ऐकल्यानंतर

आर.ई.एम. हा अमेरिकन रॉक बँड म्हटलं की बहुतेकांना १९९१ मधलं 'लूझिंग माय रिलिजन' हे मँडोलिनवालं गाणं आठवतं. तिथून मागे जाऊन कुणी 'मर्मर' हा पहिला अल्बम लावतं, गायक काय म्हणतोय ते कळत नाही आणि रेकॉर्ड बाजूला पडते. 'क्रॉनिक टाउन' ही ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) आणि 'मर्मर' ते 'डॉक्युमेंट' हे पाच अल्बम आठ महिने सतत वाजवल्यावर ठाम मत सांगतो: रेकॉर्ड ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने हा बँड ऐका. गायक मायकल स्टाइपचा आवाज दर रेकॉर्डला किती पुढे येतो, यावर कान ठेवला की कॉलेजच्या गावातल्या चौघांची सगळी चढण त्यातच ऐकू येते.

गाव म्हणजे जॉर्जिया राज्यातलं अथेन्स. गिटारवादक पीटर बक तिथल्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला आणि स्टाइप तिथलं गिऱ्हाईक. बास वाजवणारा माइक मिल्स आणि ड्रमर बिल बेरी हे मेकनहून शिकायला आलेले. ५ एप्रिल १९८० ला एका जुन्या चर्चमध्ये वाढदिवसाच्या पार्टीत ते पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. जुलै १९८१ मध्ये हिब-टोन या छोट्या लेबलवर 'रेडिओ फ्री युरोप' हे सिंगल निघालं. त्याचं मूळ रूप १९८८ च्या 'एपॉनिमस' या संग्रहात मिळतं. 'मर्मर'वरचं रूप पुन्हा रेकॉर्ड केलेलं आहे, जास्त संथ आणि स्वच्छ. दोन्ही लागोपाठ लावा. दोन वर्षांत हात किती बसला ते लगेच कळतं.

'क्रॉनिक टाउन' (१९८२) पाच गाण्यांची, वीस मिनिटांची. स्वतंत्र सीडी थेट २०२२ मध्ये आली. त्याआधी ती 'डेड लेटर ऑफिस' या संग्रहाच्या सीडीला जोडलेली मिळायची. जुन्या सीडीवर शोधत असाल तर तिथे बघा.

'मर्मर' (एप्रिल १९८३) मात्र सगळ्यात जास्त वेळ मागतो आणि तेवढं परतही देतो. आधी रेकॉर्ड कंपनीने दुसरा निर्माता लावून बघितला होता. त्याने मेट्रोनोमच्या ठोक्यावर एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं आणि बँड वैतागला. मग मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन या निर्मात्यांबरोबर शार्लटच्या रिफ्लेक्शन स्टुडिओत काम झालं. ठरलेल्या वळणाचे गिटार सोलो नाहीत, त्या काळी सर्रास असलेले सिंथेसायझर नाहीत. पहिल्या गाण्याच्या आधी जी तुटक घरघर ऐकू येते, ती तुमच्या स्पीकरचा दोष नाही. यंत्रणेतला खरखराट टेपवर घेऊन तो मिल्सच्या बासच्या ठोक्यांवर उघड-बंद केलेला आहे. 'वी वॉक'मधला ढगांचा गडगडाटही तसाच: बेरी बिलियर्ड्स खेळत होता, त्या चेंडूंचा आवाज वेग कमी करून लावलाय. हेडफोन लावून हे एकदा ऐकलं की पुढच्या वेळी कान आपोआप तिकडे जातो.

इथे लोक हमखास एक चूक करतात: बेस बूस्ट चालू ठेवतात. मिल्सचा बास वरच्या सुरांत फिरतो आणि अर्धी चाल तोच सांभाळतो. बूस्ट केला की खालचा भाग फुगतो आणि ती चाल झाकली जाते. इक्वलायझर सपाट ठेवा. फोनच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. इलेक्ट्रिक गिटारच्या मागे अकूस्टिक गिटारचे थर आहेत, ते डावे-उजवे वेगळे ऐकू आले नाहीत तर सगळा चिखल होतो. शब्द कळत नाहीत म्हणून अडू नका. पहिले चार-पाच दिवस आवाजाला पाचवं वाद्य समजा.

'रेकनिंग' (१९८४) मोकळा, जिवंत अल्बम. नवख्या माणसाला सुरुवातीचा दरवाजा हवाच असेल तर हा. 'सेव्हन चायनीज ब्रदर्स' गाताना स्टाइपचा सूर लागेना, तेव्हा डिक्सनने त्याच्या हातात एका गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतांच्या) रेकॉर्डचं कव्हर दिलं आणि त्याने मागचा मजकूरच त्या चालीवर गाऊन टाकला. तेही 'डेड लेटर ऑफिस'वर आहे. 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' (१९८५) लंडनला निर्माता जो बॉइडबरोबर, थंडी-पावसात. गाणी उत्तम, पण मिक्स गढूळ. आठ महिन्यांनंतरही मत बदललेलं नाही.

खरं वळण १९८६ च्या 'लाइफ्स रिच पेजंट'वर. निर्माता डॉन गेमन स्टाइपच्या मागेच लागला की शब्द स्पष्ट म्हण. ड्रम मोठे झाले, आवाज समोर आला आणि बँडचा हा पहिला गोल्ड (अमेरिकेत पाच लाख प्रतींचा) अल्बम ठरला. एक सूचना: मागच्या कव्हरवरचा गाण्यांचा क्रम चुकीचा छापलाय आणि दोन गाण्यांची नावंच नाहीत. यादी बघून ऐकाल तर गोंधळ होईल.

एलपी घेणाऱ्यांसाठी थोडं. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकात असेल तेवढाच ठेवा. कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे; सुई खाचेत नीट बसत नाही आणि भिंती खरवडते. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं जरा फाटल्यासारखं वाटतं, कारण आतल्या घेरात सुईखालून खाच हळू सरकते आणि तेवढाच आवाज कमी लांबीत दाबलेला असतो. सुईचा कोन नीट लावला की हे बरंच कमी होतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कागदी आतल्या पाकिटांना बुरशी धरते. प्लास्टिकची पाकिटं घाला, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रेकॉर्ड उभ्याच लावा. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे.

'डॉक्युमेंट' (१९८७) निर्माता स्कॉट लिटबरोबरचा. इथे आवाज अगदी पुढ्यात आहे, एकेक शब्द लागतो. 'द वन आय लव्ह' अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बमही पहिल्या दहांत. शब्द इतके स्पष्ट असूनही लोकांनी ते प्रेमगीत समजून एकमेकांना अर्पण केलं. खरं तर ते माणसाला वापरून टाकण्याबद्दलचं, निर्दय गाणं आहे. तिसरी ओळ नीट ऐका.