‘बॅलन्स्ड रॉ फूड’च्या नावाखाली नुसता खिमा विकतायत, मांजरवाल्यांनो जपून

आधीच सांगते, रॉ फूड, म्हणजे मांजरांना द्यायचं कच्च्या मांसाचं खाणं, चांगलं की वाईट ह्या वादात मला पडायचंच नाहीये. नीट बनवलेलं रॉ खाऊन ठणठणीत असलेली मांजरं मी बघितलीयेत आणि ते न खाता ठणठणीत असलेली पण बघितलीयेत. हे लिहितेय ते बॅलन्स्ड म्हणून पैसे घेऊन पाकिटात भलतंच भरणाऱ्यांबद्दल, आणि ह्या प्रकारात आमच्या पिल्लाचे पाय जायची वेळ आली होती म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे दोन मांजरं. गबऱ्या म्हणजे वयस्कर बोका, ऑपरेशन झालेला, कोरड्या फूडवर वाढलेला आणि चांगलाच सुटलेला. दुसरी टिकली, काही महिन्यांचं पिल्लू. गबऱ्याच्या लघवीत क्रिस्टल्स दिसले तेव्हा डॉक्टर म्हणाले की पोटात पाणी जास्त गेलं पाहिजे, ओलं खाणं सुरू करा. ओलं काय काय मिळतं ते शोधता शोधता रॉपर्यंत पोचले आणि तिथे एक बाई भेटली, स्वतःला फेलाइन न्यूट्रिशनिस्ट, म्हणजे मांजरांच्या आहारातली तज्ज्ञ म्हणवणारी, फ्रोझन पाकिटं घरपोच देणारी.

बाई बोलायला साखर. आणि गंमत अशी की ती जे सांगायची त्यातलं बरंचसं खरंच होतं. मांजर पक्कं मांसाहारी आहे, खरं. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याच्या शरीरात पुरेसं बनत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं, खरं. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून त्याला अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, तेही खरं. कोरड्या फूडमध्ये पाणी साधारण १० टक्के आणि मांसात ७० च्या आसपास, हेही खरं. असं एकापाठोपाठ एक खरं ऐकलं की माणूस मान डोलवत जातो आणि मग त्यातच ‘आमचं फूड आफको अप्रूव्ह्ड आहे ताई’ हे पण गळी उतरतं. आता हे सगळ्यांनी पाठच करून ठेवा, आफको ही अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना आहे, ती पोषणाची प्रमाणं ठरवते आणि लेबलचे नमुना नियम लिहिते, पण कुठलंही फूड तपासत नाही, अप्रूव्ह करत नाही, सर्टिफिकेट देत नाही. खरं लेबल फार तर एवढं म्हणेल की हे फूड आफकोच्या प्रमाणांत बसवलंय. अप्रूव्ह्ड असं लिहिलेलं दिसलं की तिथूनच मागे फिरायचं.

पहिलं सॅम्पल आलं ते खरोखर चांगलं होतं. घट्ट, गडद लाल, बोटांत चोळलं की हाडाची बारीक कचकच लागायची, कलेजीचा वास यायचा. टिकली तर वाडगा चाटून पुसून मोकळी. मग बाईंनी सबस्क्रिप्शनचा आग्रह धरला, आगाऊ पैसे भरलेत तर सवलत, आणि पिल्लू वाढीचं आहे तर खंड पडायला नको. नेहमीच्या फूडच्या कितीतरी पट पैसे गेले, पण सॅम्पल हातात घेऊन बघितलेलं होतं ना.

नंतरची पाकिटं दिसायला तीच, लेबल तेच. आतला माल हळूहळू बदलत गेला. फिकट गुलाबी, मऊ, डीफ्रॉस्ट केलं की तळाशी गुलाबी पाण्याचं डबकं. विचारलं तर म्हणे बॅच वेगळी आहे, आता आम्ही हाड अजून बारीक दळतो, तुम्हाला जाणवणारच नाही. पाणी ओतून द्या म्हणाली. त्या पाण्याचं मला नंतर कळलं, टॉरिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे मांसातून सुटलेल्या पाण्याबरोबर तेही जातं. जी बाई दिवसरात्र टॉरिनच्या गोष्टी सांगते तिला हे माहीत नसावं?

गबऱ्याने हे नवीन खाणं हुंगून सोडून दिलं. त्यावर सल्ला काय, तर दुसरं काहीच देऊ नका, उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारत खाईल. हे मी केलं नाही, त्याच दिवशी जुनं फूड पुढे ठेवलं, आणि डॉक्टरांना सांगितल्यावर ते अक्षरशः कपाळाला हात लावून बसले. मांजराने, त्यातून लठ्ठ मांजराने, दोन तीन दिवस खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि त्यातून जिवावर बेतू शकतं. फूड बदलायचं तर जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत, कमीत कमी ७ ते १० दिवस घेऊन, आणि कोरड्याला चिकटलेल्या बोक्याला तर कित्येक आठवडे लागू शकतात. उपाशी ठेवा म्हणणारा माणूस न्यूट्रिशनिस्ट नाही, एवढं नक्की.

टिकलीला मध्येच जुलाब झाले तेव्हा उत्तर तयार होतं, ‘ताई, हे डिटॉक्स आहे, आधीच्या फूडचं विष बाहेर पडतंय.’ नवीन खाण्याने पोट बिघडू शकतं हे मान्य, पण विष बाहेर पडणं वगैरे काही नसतं, जुलाब म्हणजे जुलाब. आणि कच्च्या मांसाच्या बाबतीत तर त्यामागे साल्मोनेला, लिस्टेरिया असले जंतू, काहीही असू शकतं. फ्रीझरमध्ये सगळे जंतू मरतात हाही त्यांचा ठरलेला डायलॉग. काही परजीवी मरतात, बॅक्टेरिया नुसते झोपतात. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला एक घरातलंच मांजर बर्ड फ्लूने गेलं, त्याने खाल्लेलं रॉ फूड फ्रोझनच होतं आणि त्यातला विषाणू मांजराच्या विषाणूशी तंतोतंत जुळला.

मग टिकलीने उड्या मारणं बंद केलं. जे पिल्लू पडद्यावर चढायचं ते सोफ्याच्या खाली उभं राहून वर बघत म्याव करायला लागलं, उचललं की ओरडायची, मागचा एक पाय टेकवत नव्हती. बाईंचं म्हणणं, वाढीच्या वयात होतं असं, ग्रोइंग पेन्स. एक्स-रे काढला तर हाडं काचेसारखी फिकट, आणि मांडीच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर, कुठूनही न पडता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याचाच, नुसतं मांस देताय का?

ह्यातलं गणित समजून घ्या, कारण ह्या सगळ्या धंद्याची मेख इथेच आहे. मांजराच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसएवढं किंवा त्याहून थोडं जास्त लागतं. नुसत्या मांसात उलटं असतं, फॉस्फरस कॅल्शियमच्या १५-२० पट. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून ओढून घेतं, आणि वाढत्या पिल्लाची हाडं बघता बघता पोकळ होतात. आफकोच्या प्रमाणात पिल्लांसाठी पाणी वगळून उरलेल्या भागात कॅल्शियम किमान १ टक्का सांगितलंय, मोठ्यांसाठी ०.६. नुसत्या खिम्यात ह्याच्या जवळपास सुद्धा काही जात नाही.

‘जंगलात कोण सप्लिमेंट देतं’ असं ती बाई नेहमी म्हणायची आणि लोक माना डोलवायचे. अहो, मांजर उंदीर खातं तेव्हा अख्खा उंदीर खातं, हाडं, हृदय, यकृत, मेंदू, रक्त सगळं. खिमा म्हणजे उंदीर नव्हे. आणि ते फेमस ८०-१०-१०, म्हणजे मांस, हाड, अवयव, ते सुद्धा आपोआप बॅलन्स्ड होत नाही, ई जीवनसत्त्व, मँगनीज, आयोडीन ह्यांची कमतरता त्यात सहज राहते. बरं कलेजी जास्त झाली तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन मानेची हाडं एकमेकांना चिकटतात, कच्चे मासे रोज दिले तर काही माशांतलं एन्झाइम बी१ नष्ट करतं. म्हणजे हे अंदाजपंचे करायचं कामच नाही.

सुदैवाने सॅम्पलमधलं थोडंसं फ्रीझरच्या तळाशी राहिलं होतं. ते आणि नवं पाकीट दोन बशांत शेजारी शेजारी डीफ्रॉस्ट केलं. एकात कचकच, दुसऱ्यात काही म्हणजे काही नाही, लोण्यासारखा खिमा. दोन्ही लॅबला दिले, फक्त कॅल्शियम आणि फॉस्फरस तपासायला. नवीन पाकिटाचे आकडे साध्या मांसाचे असतात तसेच आले. पाकिटावरचं लेबल ओलं झाल्यावर कोपरा सुटला होता, तो ओढला तर खाली आधीचं लेबल, त्यावर स्पष्ट लिहिलेलं की हे पूरक खाद्य आहे, अधूनमधून द्यावं. वर कम्प्लीट अँड बॅलन्स्ड, खाली पूरक. दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे ते असे.

बाईंकडे रेसिपीचं पोषण विश्लेषण मागितलं. आधी म्हणे ट्रेड सीक्रेट आहे. अहो, रेसिपी नकोय, आकडे द्या, १००० कॅलरीमागे कॅल्शियम किती, टॉरिन किती, आणि रेसिपी बसवली कोणी. मग एक लॅब रिपोर्ट पाठवला, शिक्का बिक्का मारलेला. नीट वाचला तर ती फक्त जंतूंची तपासणी, आणि नमुन्याचं नाव ‘चिकन खिमा’. पोषणाचा एक आकडा नाही. हा रिपोर्ट ती सगळ्यांना बॅलन्सचा पुरावा म्हणून दाखवते, आणि बहुतेक लोक शिक्का बघून पुढे वाचतच नाहीत. एक्स-रे पाठवला तेव्हा हात वर केले, तुमच्या पिल्लालाच आधीपासून काहीतरी असणार, व्हेटना न्यूट्रिशन शिकवत नाहीत, आणि मग ब्लॉक.

पैशांचं म्हणाल तर कार्डाने भरलेल्या हप्त्यावर बँकेकडे डिस्प्यूट टाकला, दोन्ही लेबलांचे फोटो आणि लॅबचा कागद जोडला, तेवढे परत आले. आधीचे थेट तिच्या खात्यात ट्रान्सफर केलेले, ते बुडाल्यातच जमा. तेव्हा अशा ठिकाणी ‘ट्रान्सफर करा, डिस्काउंट देते’ ह्याला भुलू नका आणि प्रत्येक नवीन बॅचमधलं चमचाभर तारीख टाकून बाजूला ठेवत जा.

टिकलीला पिंजऱ्यात विश्रांती आणि पिल्लांचं कम्प्लीट ओलं फूड, एवढ्यावर हाडं भरून आली. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलीत. मागचे पाय किंचित वाकडे राहिलेत, पळते मात्र भन्नाट. तिची टॉरिनची रक्ततपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी पण करून घेतली, कारण टॉरिनची कमतरता हळूहळू उघडी पडते. मांजरांचं हृदय त्याने कमजोर होतं हे १९८७ मध्येच सिद्ध झालंय, वेळेत टॉरिन दिलं तर ते बरंचसं सुधारतं, पण डोळ्याच्या पडद्याचं झालेलं नुकसान परत येत नाही. तिचं दोन्ही ठीक आलं. गबऱ्या आता कॅनमधलं ओलं खातो, लघवी साफ आहे, नखरे आहेत तेवढेच आहेत.

बाईंचं दुकान बंद झालेलं नाही. नाव बदललं, लोगो बदलला, आता कुत्र्यांचं पण विकते. रिपोर्टचा फोटो मात्र जुनाच आहे, फक्त वरची ओळ कापलीय. झूम केलं तर खाली डावीकडे नमुन्याचं नाव अजून वाचता येतं.