‘कार्बन’च्या नावाखाली ७,८०० रुपयांची टोपी

सेकंडहँड टेबलटॉप ट्रायपॉड (आखूड पायांचा, कठड्यावर ठेवायचा तीनपायी स्टँड) घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. मला ७,८०० रुपयांना टोपी घातली गेलीय, वर स्कोपच्या (पक्षी बघायच्या एकनळी दुर्बिणीच्या) दुरुस्तीचे ८,७५० वेगळे. सांगायलाही लाज वाटते, कारण आमच्या पक्षीवाल्या मंडळींत ‘कुठला ट्रायपॉड घेऊ’ हे लोक मलाच विचारतात.

एवढासा ट्रायपॉड हवाच कशाला म्हणणाऱ्यांनी सकाळच्या लोकलमध्ये मोठा घेऊन चढून दाखवावं. शिवडीला कठड्यावर, भांडुप पंपिंग स्टेशनला बांधावर हा ठेवला की भागतं, आणि स्कोप अँगल्ड (डोळा लावायची बाजू वर वळलेली) असेल तर मानही मोडत नाही. फक्त पाय जाड, आखूड आणि ताठ हवेत. ६० एक्सवर, म्हणजे साठ पट मोठं बघताना, जरा धक्का लागला की फ्लेमिंगो चौकटीबाहेर.

जाहिरात अशी: कार्बन फायबर, बॉल हेडसकट (स्कोप बसवायचा, गोळ्यावर फिरणारा वरचा भाग), लोड १० किलो (म्हणजे एवढं वजन पेलतो), बिल आहे, ९,५००. घासाघीस करून ७,८०० ठरले. ८०० टोकन आधी, उरलेले ७,००० दादरच्या पुलावर यूपीआयने. स्क्रीनवर नाव भलत्याच बाईचं. ‘आईचं अकाउंट आहे, काका.’ आता मुलगा पंचविशीतला, स्वच्छ मराठी बोलणारा, गळ्यात दुर्बीण, ‘परवाच उरणला होतो’ म्हणणारा. सांगा, कोण संशय घेईल? नाव जुळत नसेल तर पैसे टाकू नका, मग आई असो की मावशी.

आणि तो क्षण. ट्रायपॉडचा पाय मुठीत धरला तर गार लागला. कार्बनची नळी अशी गार लागत नाही, अॅल्युमिनियमची लागते. हे मला माहीत आहे हो, मीच लोकांना सांगत आलोय! डोक्यात चमकूनही गेलं. पण जानेवारीची सकाळ, पुलावर मागून लोक ढकलतायत, तो घड्याळ बघत ‘काका, माझी गाडी येतेय’ करतोय. म्हटलं, थंडीच्या दिवसांत लोखंडी कठडाही गारच लागतो. हातात पुरावा आणि मी त्याच हाताने पिन टाकतोय. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

घरी पायाच्या खालच्या टोकाला नख लावलं, तर कार्बनची विणलेली नक्षी मोबाइलच्या स्क्रीनगार्डसारखी सोलून आली. स्टिकर! खाली साधा अॅल्युमिनियमचा पाइप. तरी म्हटलं, निदान वापरू. भांडुपला १.३ किलोचा स्कोप चढवला, बॉल हेड आधी हळूहळू नाक खाली घालायला लागलं, मी ते आवळतोय तोवर एका पायाचा सांधा कट्कन तुटला आणि स्कोप सिमेंटवर. स्कोपच्या आतलं प्रिझम हललंय, चित्र एका बाजूने पसरट दिसतं. ‘लोड १० किलो’ काय, कोणीही छापतं. घेताना स्वतःचा स्कोप घेऊन जा आणि तिथल्या तिथे लावून बघा.

पुढची कथा याहून संतापजनक. पोलीस ठाण्यात गेलो. ‘ट्रायपॉड म्हणजे? स्टँड? स्टँडसाठी तक्रार?’ मग म्हणे पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणे तुम्ही प्रत्यक्ष भेटलात, वस्तू हातात घेतलीत, हे आमचं नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत, तर आता ‘वस्तू मिळाली ना? मग हे दिवाणी प्रकरण.’ वर ‘घटना दादरची, आमची हद्द नाही.’ अहो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजे आपलं जुनं चारशेवीस, आणि हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मी बोललो तर साहेब हसले. ‘काका, वकील आहात का?’ एका कोऱ्या कागदावर अर्ज घेतला, पोचही धड दिली नाही. बँकेत गेलो, तर पिन तुम्हीच टाकलात म्हणून हात वर. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर विकणारा व्यापारी नाही, खाजगी माणूस, तिथेही बोंब. मग कर भरायचा कशाला आम्ही? हवालदाराने जाता जाता सांगितलं, एकट्याच्या सात हजारांसाठी कोण धावणार, चार जण आणा.

पैसे गेल्याचं लगेच कळलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच मिनिटाला फोन लावा. मी ठाण्यांच्या पायऱ्या झिजवण्यात वेळ घालवला.

बिलाचं राहिलं. झेरॉक्स होती, दुकानाचा पत्ता फोर्टचा आणि जीएसटी नंबर सुरू होतो २४ ने. महाराष्ट्राचा २७ ने होतो, २४ गुजरातचा. पुलावर उभं राहून कोण हे वाचतं? पण तुम्ही वाचा, जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव समोर येतं.

तीच जाहिरात परत लागलीय. नाव दुसरं, ठिकाण ठाणे, किंमत ८,२००. फोटो तोच आहे, निळ्या चौकड्यांच्या चादरीवर ठेवलेला, मागे कुलरचा कोपरा दिसतो. टोकन मागेल, देऊ नका. आणि आधीच दिलं असेल तर मला गाठा, हवालदाराला चार जण हवेत.