काडी नसलेली गाडी : अकरा महिन्यांनंतर

माझी गाडी : दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, कापडी छप्पर. बाकीचे आकडे सांगत बसत नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर छप्पर दुमडता येत नाही, एवढं सांगून थेट तेलावर येतो.

या गाडीला ऑईल मोजायची काडी नाही. बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिक, ते काढलं की आणखी प्लास्टिक, पण डिपस्टिकचा पत्ता नाही. पातळी स्क्रीनवर दिसते, तीही इंजिन तापल्यावर आणि गाडी सपाटीवर उभी असेल तर. आमच्या फोंड्यात सपाटी शोधायची म्हणजे वेगळी फेरी मारावी लागते.

जुलैत बेळगावहून परतताना चोर्ला घाटात लाल अक्षरं उमटली : पातळी मोजता येत नाही, इंजिन बंद करा. वर धो धो पाऊस, फोनला रेंज नाही. तेल संपलंय की मोजणाराच बिघडलाय? काडी असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. दुधाच्या टेम्पोवाल्याकडून निरोप धाडला, तेव्हा दोन तासांनी केरीहून एक मेकॅनिक आला. बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "पात्रांव, काडी खंय?" (साहेब, काडी कुठाय?) मी म्हटलं, "ना." तो हसला नाही, हे जास्त लागलं.

या कंपनीचं वर्कशॉप गोव्यात नाही. गाडी फ्लॅटबेडवर चढून शेजारच्या राज्यात गेली. टोइंगचे १९,०००, सेन्सरचे १६,५००, 'तपासणी'चे ३,२००. तेल बरोब्बर भरलेलं होतं! सेन्सर इंजिनाखाली तेलाच्या चेंबरमध्ये बसतो म्हणून ते चांगलं तेल काढून टाकलं आणि नव्याचं बिल वर लावलं. भांडलो, तर सल्लागार म्हणाला, "सर, प्रीमियम गाड्यांना आता काडी नसतेच." आमच्या बाबांच्या पद्मिनीला होती. रविवारी सकाळी जुन्या बनियनच्या फडक्यावर ती पुसून, पुन्हा बुडवून, उजेडात धरून बघायची, मग चहा. लोखंडाची पट्टी आणि एक नळी, यात कसली आली बचत?

इथवरचं ऑगस्टमध्ये, बिल समोर ठेवून लिहिलं होतं. आता थोडा निवळलोय.

एक तर नोव्हेंबरात त्याच घाटात पुन्हा गेलो. छप्पर उघडं, रस्ता कोरडा. वळणात शिरताना स्टिअरिंग हाताशी बोलतं तेव्हा अडतीस हजारांचा हिशेब खाली साखळी गावातच राहिला. दुसरं म्हणजे, 'गाडीच्या घराण्याची परंपरा मोडली' म्हणून गळा काढणाऱ्यांत मीही होतो, तो जरा गप्प झालो. पोर्शची ९११ घ्या (माझी गाडी त्या घराण्याची नव्हे). १९६३ पासून तिचं इंजिन हवेने थंड व्हायचं. ९९६ ही तिची पुढची पिढी आली आणि ते पाण्यावर गेलं. शिवाय पुढचा भाग आणि दिवे पोर्शच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टरशी सामाईक. दिव्यांना लोक तळलेलं अंडं म्हणायचे. पण नव्वदीच्या सुरुवातीला ती कंपनी बुडायच्या बेतात होती, टोयोटात काम केलेल्या जपानी सल्लागारांना बोलावून कारखान्याची घडी बसवावी लागली होती. सामाईक दिवे नसते तर आज शिव्या द्यायलाही ९११ उरली नसती. गंमत अशी की टर्बो आणि जीटी३ या ९११च्या वरच्या प्रकारांना त्यांनी जुन्या रेसिंग परंपरेतलं, पोर्शचे इंजिनिअर हान्स मेत्झगर यांच्या नावाने ओळखलं जाणारं इंजिनच ठेवलं. म्हणजे परंपरा होती, फक्त वरच्या मजल्यावर राहायला गेली होती.

आणि काटकसर म्हणजे पापच, असं गोंयकाराने तरी म्हणू नये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या वेर्ण्यात सॅन स्टॉर्म बनायची. दोन सीटांची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी, अंग फायबरचं. उसनं इंजिन घेतल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. फायबर गंजत नाही, आणि आपल्या खाऱ्या हवेत याहून मोठी लक्झरी नाही. माझ्या गाडीच्या दाराखाली अकराव्या महिन्यात तांबूस डाग दिसू लागलाय, ते जाऊ दे.

तर दिवे सामाईक करा, इंजिन दुसऱ्याचं आणा, डॅशबोर्डला कडक प्लास्टिक लावा, माझी हरकत नाही. २०२४ मध्ये ९११ने इंजिन सुरू करायला चावीसारखी फिरवायची खुंटी काढून बटण दिलं, इंजिनाचे फेरे दाखवणारा मधला काट्याचा टॅकोमीटर जाऊन अख्खा स्क्रीन आला. तिथे लोक हळहळले. मला तेही चालेल, आकडा तर दिसतोच ना. पण काडी वेगळी. स्क्रीन खोटं बोलतोय का, हे ताडून बघायला माझ्या हातात तेवढी एकच वस्तू असते, आणि नेमकी तीच काढली. सेन्सर सतत लक्ष ठेवतो, आजकाल बॉनेट उघडतो कोण, हे सगळं मान्य. मी उघडतो! सेन्सर ठेवा, शेजारी काडीही ठेवा.

विकणार का? नाही. पावसाळ्यात गॅरेजमध्ये, एरवी रविवारी चोर्ला. डिकीत एक लिटर तेलाची बाटली ठेवलीय. बाबा विचारत होते, त्यातलं किती घालायचं ते कशावरून ठरवणार?