सर्व्हरचा स्टोरेज ड्रायव्हर परत टाकायचाय: रोल बॅक, अनइन्स्टॉल, कंपनीचं पॅकेज की कमांड?

‘ड्रायव्हर काढा आणि परत टाका’ हा सल्ला प्रिंटरपुरता ठीक आहे. सर्व्हरच्या स्टोरेज कंट्रोलरवर, म्हणजे डिस्क आणि सर्व्हर यांना जोडणाऱ्या भागावर, तो डोळे झाकून वापरला, तर पुढच्या रिस्टार्टला निळी स्क्रीन आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हे शब्द समोर येऊ शकतात. मग कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीचं चलन, ई-वे बिल, गेट पास सगळं जागच्या जागी थांबतं आणि भरलेला ट्रक गेटच्या आतच अडकतो.

विंडोज सर्व्हरवर हे काम करायचे चार रस्ते आहेत. डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक, तिथूनच अनइन्स्टॉल करून परत स्कॅन, सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचं पॅकेज, आणि पीएनपीयूटिल ही कमांड. चारही बरोबर आहेत आणि चुकीच्या जागी चारही महागात पडतात. निवड एकाच प्रश्नावर होते: ज्या कंट्रोलरला हात घालणार, त्याच्यावर खुद्द विंडोज आहे की नुसता डेटा?

हे बघायला डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘व्ह्यू’ मेनूत ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडा. कोणती डिस्क कोणत्या कंट्रोलरखाली आहे ते उतरंडीसारखं दिसतं. सी ड्राइव्हची डिस्क ज्याच्याखाली आहे तो बूट कंट्रोलर. त्याचा ड्रायव्हर विंडोज सुरू होताना सगळ्यात आधी चढावा लागतो, कारण बाकीच्या फायली त्याच्याशिवाय वाचताच येत नाहीत. तो नसेल तर कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लावून घेतल्यासारखी गत होते.

यादी बघताना एका तारखेनं बरेच जण फसतात. ‘डिस्क ड्राइव्हज’मध्ये डिस्कचे गुणधर्म उघडले की ड्रायव्हरची तारीख २१ जून २००६ दिसते. ‘साहेब, ड्रायव्हर किती जुना झालाय बघा, म्हणूनच सर्व्हर स्लो चालतोय’, असं कुणीतरी म्हणतंच. ती तारीख मुद्दाम तशी ठेवलेली आहे. मायक्रोसॉफ्ट आपल्या सोबत येणाऱ्या बऱ्याच ड्रायव्हरना तीच तारीख देतं, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर आला की तो आपोआप ‘नवा’ ठरतो. फाइल जुनी नसते. शिवाय तिथला ड्रायव्हर हा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण डिस्क ड्रायव्हर. तो परत टाकून सहसा काहीच साधत नाही. आपल्याला हवा असतो तो ‘स्टोरेज कंट्रोलर्स’ किंवा ‘आयडीई एटीए’च्या खाली असलेला.

आधी ड्रायव्हरच दोषी आहे का?

‘कालपासनं बॅकअपच हुईना, बघा की जरा,’ असा फोन आला की हात थेट डिव्हाइस मॅनेजरकडे जातो. त्याआधी इव्हेंट व्ह्युअरमधला सिस्टम लॉग वाचा. इथे चार आकडे कामाचे. १२९ म्हणजे डिस्ककडून वेळेत उत्तर आलं नाही म्हणून विंडोजनं डिव्हाइस रीसेट केलं. १५३ म्हणजे वाचायची किंवा लिहायची मागणी परत करावी लागली. ११ म्हणजे कंट्रोलरकडून चूक आली. आणि ७ म्हणजे बॅड ब्लॉक. ७ दिसत असेल तर ड्रायव्हरचा विषय बाजूला ठेवा, डिस्कच बदलायला झालीय.

१२९ आणि १५३ मात्र दुतोंडी आहेत. ड्रायव्हर बिघडला तरी येतात, केबल सैल झाली, बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात ती पाटी) खराब झालं किंवा कंट्रोलरचं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) जुनं असलं तरी येतात. फरक तारखेनं कळतो. विंडोज फोल्डरातल्या ‘आयएनएफ’मध्ये ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह’ नावाचा लॉग असतो. कोणता ड्रायव्हर कधी बसला ते त्यात असतं. त्या तारखेपासून १२९ सुरू झाले असतील तर ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे. त्याच्या आधीपासूनच अधूनमधून येत असतील, आणि विशेषतः पावसाळ्यात लाइट ये-जा करत असताना, तर आधी यूपीएसची बॅटरी आणि केबल बघा. ड्रायव्हर दहादा टाकून सैल केबल घट्ट होत नाही.

रोल बॅक आणि अनइन्स्टॉल

हे दोन्ही एकाच खिडकीत शेजारी शेजारी असतात, म्हणून सारखेच वाटतात. तसे ते नाहीत.

रोल बॅक म्हणजे विंडोजनं जपून ठेवलेला आधीचा ड्रायव्हर परत लावणं. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर यापेक्षा कमी जोखमीचं काही नाही. बूट कंट्रोलरलाही चालतं, कारण ‘रिकामी जागा’ मध्ये कधी येतच नाही. एक ड्रायव्हर जातो तिथे दुसरा बसतो. लागतो तो एक रिस्टार्ट. साखर कारखान्यात गळीत हंगाम चालू आहे, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर याच सर्व्हरवर आहे आणि बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलीय, अशा वेळी मी दुसऱ्या कशाचा विचारही करणार नाही. काट्यावरच्या माणसाला तेवढा वेळ पावती हातानं लिहायला सांगता येते.

तोटे दोन. आधीचा ड्रायव्हर नसेल तर बटण फिकट दिसतं, तिथे विषय संपला. आणि ड्रायव्हरबरोबर फर्मवेअरही वर गेलं असेल तर जुना ड्रायव्हर आणि नवं फर्मवेअर अशी जोडी तयार होते, ती कंपनीनं तपासलेली असेलच असं नाही.

अनइन्स्टॉलचा खेळ त्या एका चौकटीवर आहे. बटण दाबल्यावर ‘डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर’ अशा अर्थाची टिक विचारली जाते. टिक न करता पुढे गेलात तर डिव्हाइसची नोंद निघते, पण ड्रायव्हरचं पॅकेज विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये तसंच राहतं. परत स्कॅन केलं की तेच पॅकेज परत बसतं. सेटिंग बिघडलं असेल तर याचा उपयोग होतो. पॅकेजच खराब असेल तर आपण केलेली मेहनत शून्य. टिक करून पुढे गेलात तर पॅकेज खरोखर जातं. डेटाच्या कंट्रोलरला, टेप ड्राइव्हला, बॅकअपच्या यूएसबी डिस्कला हे उत्तम. बूट कंट्रोलरला नाही. विंडोजकडे स्वतःचा चालणारा ड्रायव्हर असेल, उदाहरणार्थ साध्या साटा एएचसीआय किंवा एनव्हीएमई डिस्कसाठी असतो, तर निभावून जातं. रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड, असेल तर ते जुगारावर सोडू नये.

अनइन्स्टॉलनंतरची एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. डेटाची डिस्क परत दिसते, पण ‘ऑफलाइन’ म्हणून. सर्व्हरच्या सॅन पॉलिसीमुळे, म्हणजे नव्यानं दिसलेली डिस्क आपोआप ऑनलाइन घ्यायची की नाही ते ठरवणाऱ्या सेटिंगमुळे, असं होऊ शकतं. डेटा गेलेला नसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये उजवं क्लिक करून ऑनलाइन करा. ‘इनिशियलाइज’ विचारलं आणि डिस्कवर डेटा असायला हवा अशी खात्री असेल, तर तिथेच थांबा, होय म्हणू नका. डिस्क ऑनलाइन आली तरी नेटवर्कवरचे शेअर फोल्डर कधी कधी दिसत नाहीत, कारण शेअरची सेवा सुरू झाली तेव्हा ती जागाच नव्हती. सर्व्हिसेसमध्ये ‘सर्व्हर’ नावाची सेवा रिस्टार्ट केली की सगळे परत येतात. टॅली उघडत नाही म्हणून ओरड सुरू व्हायच्या आत हे करून टाकावं.

कंपनीचं पॅकेज

बूट कंट्रोलर आहे, रोल बॅक फिकट आहे आणि सर्व्हर अजून चालू आहे, अशा स्थितीत माझं मत इकडे. डेलचं अपडेट पॅकेज असो वा एचपीईचं सर्व्हिस पॅक फॉर प्रोलायंट, हे चालू ड्रायव्हरच्या जागी दुसरा बसवतात, मधली पोकळी ठेवत नाहीत. कोणत्या फर्मवेअरबरोबर कोणता ड्रायव्हर तपासलाय हेही त्यांच्या माहितीपत्रकात असतं.

अडचणी व्यवहारातल्या आहेत. एचपीईचा पूर्ण सर्व्हिस पॅक उतरवायला चालू वॉरंटी किंवा सपोर्ट करार लागतो, आणि कित्येक जीबीची ती फाइल ऑफिसच्या नेटवर उतरायला वेळ घेते. दुसरं म्हणजे, ‘हीच आवृत्ती आधीच बसलेली आहे’ असं म्हणून पॅकेज गप्प बसू शकतं. तिथे परत लिहायचा पर्याय शोधून निवडावा लागतो, नाहीतर काहीच न होता आपण ‘रीइन्स्टॉल केलं’ असं समजून मोकळे होतो. एकाच बैठकीत ड्रायव्हर, फर्मवेअर आणि विंडोज अपडेट तिन्ही उरकू नका. नंतर बिघडलं तर कुणामुळे ते कळत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये विंडोज सर्व्हर २०१२ आर२ अजून चालू असलेले सर्व्हर आहेत. त्याचा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. अशा मशिनसाठी नवं पॅकेज मिळायची आशा धरू नये, आणि उलट त्याहून नव्या सर्व्हर २०२२ साठी दहा वर्षांपूर्वीच्या रेड कार्डाचा ड्रायव्हर कंपनीनं काढलेलाच नसू शकतो. डेस्कटॉप विंडोजचा ड्रायव्हर आणून बसवण्याचा मोह तिथे होतो. बऱ्याच वेळा तो सर्व्हरवर बसतच नाही, आणि बसला तरी बूट डिस्कवर तो प्रयोग करायची जागा नव्हे.

पीएनपीयूटिल

काळ्या खिडकीची भीती वाटत नसेल तर डेटाच्या कंट्रोलरसाठी मला हा रस्ता सगळ्यात स्वच्छ वाटतो. विंडोज बाहेरून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ‘ओईएम’ आणि पुढे आकडा असं नाव देतं: ओईएम ७, ओईएम १२. ‘एनम-ड्रायव्हर्स’ दिलं की कोणता आकडा कुणाचा ते कळतं. ‘एक्सपोर्ट-ड्रायव्हर’नं त्याची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची. ‘डिलीट-ड्रायव्हर’ला ‘अनइन्स्टॉल’ जोडून जुना काढायचा. ‘ॲड-ड्रायव्हर’ला ‘इन्स्टॉल’ जोडून चांगला बसवायचा. सर्व्हर कोअरवर, म्हणजे विंडोज सर्व्हरच्या नुसत्या कमांडवर चालणाऱ्या रूपात, डिव्हाइस मॅनेजरची खिडकी सहसा नसते, तिथे तर हाच आधार. २०१२ आर२ वर मात्र हे शब्द चालत नाहीत. तिथे जुने एकाक्षरी स्विच आहेत, ई यादीला, ए टाकायला, डी काढायला.

‘फोर्स’ हा स्विच असतो. वापरात असलेलं पॅकेजसुद्धा त्यानं उडवता येतं, म्हणून बूट कंट्रोलरच्या आसपास तो टाइपच करू नका.

एक्सपोर्टचं काम तर ड्रायव्हर बदलायचा नसेल तरी करून ठेवा. जुन्या मशिनच्या बाबतीत तुमच्याकडची ती प्रत हीच कदाचित हाताशी असलेली एकमेव चालती प्रत असते.

दोन खड्डे

इंटरनेटवर ‘अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स (ड्रायव्हरच्या वर-खाली जोडलेल्या इतर ड्रायव्हरच्या नोंदी) रजिस्ट्रीतून उडवा, ड्राइव्ह दिसेल’ हा उपाय जागोजागी आहे. तो मूळचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा. डिस्कच्या क्लासमध्ये तिथे ‘पार्टमग्र’ ही नोंद असते, म्हणजे पार्टिशन मॅनेजर. ती गेली की विंडोजला पार्टिशनच दिसत नाहीत. बॅकअप किंवा अँटिव्हायरस काढताना मागे राहिलेली एखादी नोंद दोषी असू शकते, पण तेवढीच एक काढायची, पूर्ण ओळ नाही.

दुसरा खड्डा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. तो चालू असेल तर काम सुरू करण्याआधी सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. याच सर्व्हरच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये ठेवलेली की काय कामाची?

निळी स्क्रीन आलीच तर

विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कवरून रिपेअरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट घ्या. इथे ड्राइव्हची अक्षरं बदलतात; तुमचा सी इथे डी असू शकतो, आणि एक्स हा रिकव्हरीचा स्वतःचा. डिस्क दिसतच नसेल तर आधी ‘डीआरव्हीलोड’नं पेन ड्राइव्हवरचा ड्रायव्हर तात्पुरता चढवा. मग ‘डिझम’ला तुमच्या विंडोजचा ड्राइव्ह ‘इमेज’ म्हणून देऊन ‘ॲड-ड्रायव्हर’ करा. बंद पडलेल्या विंडोजमध्ये बाहेरून ड्रायव्हर घालायचा हा सरळ मार्ग. मघाशी एक्सपोर्ट केलेली प्रत इथे लागते.

ते जमत नसेल तर बॅकअपवरून पूर्ण रिस्टोअर. पतसंस्थेसारख्या ठिकाणी, सकाळी काउंटर उघडायचंच आहे अशी अट असेल, तर डिझमवर रात्र घालवण्यापेक्षा तपासलेला बॅकअप असेल तर तोच आधी लावावा असं मी म्हणेन. इंजिनिअर पुण्याहून येणार या भरवशावर राहायचं असेल तर ऋतू बघा: २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ बंदच होता. सर्व्हर व्हीएमवेअर किंवा हायपर-व्हीवर, म्हणजे व्हर्च्युअल मशिन म्हणून, चालत असेल तर ही सगळी चर्चा निम्म्यावर येते. काम सुरू करायच्या आधी स्नॅपशॉट किंवा चेकपॉइंट घ्या आणि बिघडलं तर मागे या. फक्त काम नीट झालं की तो काढून टाका, तसाच ठेवला तर डिस्कची जागा खात राहतो.

ड्रायव्हर बदलल्यावर पहिला रात्रीचा बॅकअप पूर्ण होईपर्यंत काम झालं असं कुणाला कळवू नका. कंट्रोलरवर खरा ताण तेव्हाच येतो. सकाळी सिस्टम लॉगला १२९ चा फिल्टर लावून बघा; नवा ड्रायव्हर घालूनही तेच आकडे पडत असतील तर पाचवा रस्ता शोधू नका, कंट्रोलर कार्ड आणि केबल बदलायचं कोटेशन मागवा.